कोल्हापूरचे पांढरे लोणी

कोल्हापूरला येणारा पाहुणा रंकाळा पाहतो, तांबडा-पांढरा रस्सा चाखतो, पायात नवी चप्पल घालतो आणि परतीची गाडी पकडतो. या शहराच्या दुधाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. गंगावेशीत एक दूध कट्टा आहे. तिथे म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळलेले कोमट दूध पेल्यातून हातात देतात. तालमी आणि पैलवानांच्या या शहरात दूध ही चहात घालण्यापुरती वस्तू कधीच नव्हती. ते पिण्याचे, पचवण्याचे आणि अंगी लावण्याचे अन्न होते.

जिथे असे दूध, तिथे लोणी असणारच. कोल्हापूरचे लोणी पांढरे असते. अगदी कापसासारखे पांढरे. मुंबई-पुण्याहून सुट्टीला आलेली मुले ते पाहून विचारतात, "हे बटर पिवळे का नाही?" वेष्टनातल्या पिवळ्या, खारट बटरवर वाढलेल्या मुलांचा हा प्रश्न रास्त आहे. त्यांना नुसते "खा, चांगले असते" म्हणून गप्प करण्यापेक्षा उत्तर द्यायला हवे, कारण त्या उत्तरातच हे लोणी कसे वापरावे याची किल्ली आहे.

पांढरे का, आणि कडक का?

गाय चारा खाते तेव्हा हिरव्या चाऱ्यातले कॅरोटिन हे पिवळे द्रव्य थोडे तिच्या दुधात उतरते. म्हैस त्याच द्रव्याचे शरीरातच अ जीवनसत्त्वात रूपांतर करते. त्यामुळे गाईचे लोणी पिवळसर आणि म्हशीचे पांढरे दिसते. म्हणजे पांढरे लोणी काही कमी प्रतीचे नाही. जीवनसत्त्व त्यातही असते, फक्त रंग नसतो.

गाईच्या दुधात साधारण साडेतीन ते साडेचार टक्के स्निग्धांश असतो. म्हशीच्या दुधात तो 6 ते 8 टक्क्यांपर्यंत जातो. शिवाय म्हशीच्या दुधातली चरबी थोड्या जास्त उष्णतेला वितळते. म्हणून त्याच हवेत गाईचे लोणी मऊ राहते आणि म्हशीचे घट्ट होते. त्यात भर पडते चाऱ्याची. पावसाळ्यात डोंगर हिरवे झाले, जनावराला ओला चारा मिळाला की लोणी मऊ उतरते. उन्हाळ्यात वैरण कोरडी होते आणि सरकी पेंडीवर भर वाढतो. सरकीने दुधाची चरबी अधिक घट्ट होते. जुन्या बायका लोण्याचा गोळा बोटाने दाबून म्हशीला काय घालता हे ओळखत, ते उगाच नाही.

मग एखाद्या घरी पहिल्यांदाच हे लोणी येते. ते फ्रीजमध्ये जाते, दुसऱ्या दिवशी सकाळी दगड होऊन बाहेर येते, पावावर लावताना पाव फाटतो, आणि घरातले म्हणतात, "यापेक्षा पाकिटातले बरे." खरे म्हणजे पाकिटातलेही फ्रीजमधून काढल्या काढल्या नीट पसरत नाही. पण दोष घरगुती लोण्याच्या माथी बसतो आणि पुढच्या खेपेला ते घरात येत नाही.

पन्हाळ्याच्या वाटेवरचे एक घर

कोल्हापूरच्या पश्चिमेला पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी असे डोंगराळ तालुके लागतात. पाऊस भरपूर, शेती उताराची, आणि दारात म्हैस. सह्याद्रीच्या माथ्यावर गवळी धनगरांचे वाडे आहेत. पूर्वी हे लोक म्हशी पाळून लोणी-तूप खाली उतरवीत आणि त्याच्या बदल्यात धान्य घेऊन वर जात. या भागात लोणी हे फार काळ पैशासारखे चालत आले आहे.

माझ्या शाळेतल्या एका मुलीचे आजोळ पन्हाळा तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. मागच्या हिवाळ्यात तिच्या आईसोबत मी तिथे गेले. घर लहान, अंगण सारवलेले, गोठ्यात दोन म्हशी. मुलीच्या नानीला गावात सगळेच खाला म्हणतात, हिंदू शेजारीसुद्धा. फजरची नमाज झाली की खाला गोठ्यात जातात. धारा काढून दुधाचा कॅन गावच्या संस्थेत जातो आणि घरी दोन लिटर दूध उरते. ते तापवायचे, कोमट झाले की विरजण लावायचे आणि एक दिवसाआड घुसळायचे, हा त्यांचा शिरस्ता.

त्या दिवशी थंडी होती. खालांनी दह्यात आधी थोडे कोमट पाणी घातले आणि मग रवी धरली. मी विचारले, लोण्याला तर गार पाणी लागते ना? त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात गार, थंडीत कोमट. दही लई गार असलं तर लोणी निघतच नाही. आणि गरम झालं तर लोणी ताकातच विरघळतंय."

प्रयोगशाळेत हेच तापमापक लावून सांगतात. स्निग्धांशाचे कण फार गार असले तर एकमेकांना चिकटत नाहीत, फार गरम असले तर पातळ होऊन ताकात मिसळतात. मधल्या एका उष्णतेला ते भराभर जुळतात. ती मधली उष्णता खालांना हाताला कळते. पाऊण तासाने रवीचा आवाज बदलला. आधी तो सळसळ असा पातळ होता, मग जड झाला. कडेने लोण्याचे कण जमले. खालांनी हात गार पाण्यात बुडवून ते गोळा केले. मी पुढे झाले तसे मलाही म्हणाल्या, "टीचर, हात गार करून घ्या आधी. गरम हाताला लोणी चिकटतंय."

मग त्यांनी गोळा तीन पाण्यांनी धुतला. दर वेळी दाबून, उलटून, पुन्हा दाबून. धुतलेले पाणी आधी दुधासारखे होते, तिसऱ्या वेळी जवळजवळ नितळ झाले. लोण्यात अडकलेले ताक निघून गेले की लोणी लवकर आंबत नाही. न धुतलेले लोणी दुसऱ्याच दिवशी वास मारते. ही दहा मिनिटांची मेहनत बाजारात कुणाला दिसत नाही, पण लोणी टिकते ते तिच्यामुळेच.

दोन लिटर दुधाचे दीडशे ग्रॅमच्या आसपास लोणी निघाले. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात आली. खालांनी तिच्या पापुद्र्यावर बोटांनी खळगा केला, त्यात लोण्याचा गोळा ठेवला आणि बाजूला हिरव्या मिरचीचा खर्डा वाढला. लोणी कुणी पसरले नाही. भाकरीच्या उष्णतेने ते आपले आपण खळग्यातून कडेपर्यंत गेले. खर्ड्याचा जाळ आणि लोण्याचा गारवा एका घासात. मेहमानासाठी याहून चांगले काही मांडता येईल असे मला वाटत नाही. अबू दाऊदच्या हदीस संग्रहात बुस्र यांच्या दोन मुलांनी सांगितलेली एक आठवण आहे. हजरत मुहम्मद (स.) त्यांच्या घरी आले तेव्हा त्यांनी लोणी आणि खजूर पुढे ठेवले, कारण हे दोन्ही त्यांना आवडत असे. घरात जे ताजे आहे ते मेहमानापुढे मांडायचे, ही रीत अरबस्तानात होती तशी पन्हाळ्याच्या उतारावरही आहे.

लोणी घरातून का जाते आहे

परतताना मी खालांना म्हटले, शेजारच्या घरात चार म्हशी दिसतात, तिथे तर भरपूर लोणी होत असेल. त्या हसल्या. "त्यांच्यात लोणी कुठलं? सगळं दूध डेअरीला. पोरांच्या चहालासुद्धा मोजून ठेवतात."

हे ऐकून लगेच डेअरीला नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. कोल्हापूर जिल्ह्याचा सहकारी दूध संघ, ज्याला आपण गोकुळ म्हणून ओळखतो, 1963 साली सुरू झाला. वारणेच्या खोऱ्यातही दुधाचा मोठा सहकार उभा राहिला. गावागावांत संस्था निघाल्या, सकाळ-संध्याकाळ दूध मोजले जाऊ लागले, फॅट तपासून दर मिळू लागला आणि दहा दिवसांनी बिल हातात येऊ लागले. ज्यांच्याकडे अर्धा एकर जमीनही नाही अशा घरांना या बिलाने आधार दिला. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलींची फी, वह्या, एसटीचा पास म्हशीच्या दुधातून येतो. लोणी करून ते डोक्यावर घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईला असा ठरलेला पैसा कधी मिळत नव्हता.

तरी एक गोष्ट खटकते. ज्या घरात चार म्हशी आहेत त्या घरातली मुलगी डब्यात कोरडी चपाती आणि चटणी आणते. दूध घरात येते आणि तासाभरात निघून जाते. बिल बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर निघते. लोणी आणि तूप मात्र बाईच्या हातात असे. त्यातून ती मुलांना खाऊ घाली, शेजारणीला देई, चार पैसे बाजूला टाकी. दूध कॅनमधून गेले तसा हा छोटासा हातातला हिस्साही गेला. खाला दोन लिटर मागे ठेवतात ते याच कारणासाठी. त्यातले थोडे लोणी नातवंडांना आणि उरलेले शहरातल्या तीन-चार घरांना विकायला. तो पैसा त्यांचा स्वतःचा आहे आणि त्याचा हिशेब त्या कुणाला देत नाहीत.

सातवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना मी हेच गणित फळ्यावर मांडले. दुधात 7 टक्के फॅट आहे. म्हणजे लिटरमागे सुमारे 70 ग्रॅम. एक किलो लोण्यात साधारण 800 ग्रॅम स्निग्धांश असतो, बाकी पाणी आणि थोडा दुधाचा अंश. तर एक किलो लोण्याला किती दूध लागेल? मुलींनी उत्तर काढले, साडेअकरा लिटर. मी सांगितले, थोडा अंश ताकातही राहतो, म्हणून 12 ते 13 लिटर धरा. वर्गात एकदम शांतता झाली. मग मागच्या बाकावरची, घरी म्हशी असलेली एक मुलगी म्हणाली, "टीचर, मग आमची अम्मी लोणी स्वस्त विकते की!"

हे गणित प्रत्येक घरात व्हायला हवे. गावच्या डेअरीत लिटरला जो दर मिळतो, त्याला तेराने गुणा. घरगुती लोण्याचा किलोचा भाव त्याच्या खाली असेल तर दोनच शक्यता आहेत. एक, विकणारी बाई आपल्या कष्टाचे पैसे सोडते आहे. दोन, ते पूर्ण लोणी नाही. ताक उरते हे खरे, पण जळण, विरजण, घुसळणे, धुणे आणि शहरापर्यंतचा प्रवास यांचा मोबदला कुठेतरी धरावाच लागेल. आपण मॉलमध्ये छापील किंमत मुकाट देतो आणि दारात आलेल्या खालांशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. रिज्क हलाल असावा म्हणतो, तर दुसऱ्याच्या मेहनतीचे पूर्ण दाम देणे हा त्याचाच भाग आहे.

पिवळ्या बटरची सवय

आपल्या जिभेला पिवळे, खारट बटर हेच खरे वाटते, त्यालाही इतिहास आहे. मुंबईत एके काळी पॉलसनच्या बटरचे राज्य होते. ते इतके घरोघरी पोहोचले की खुशामत करण्याला लोक 'पॉलसन लावणे' म्हणू लागले. मराठीत 'लोणी लावणे' आणि बोलीत 'मस्का मारणे' होतेच, त्यात ही भर. गुजरातेत आणंदला 1946 साली शेतकऱ्यांचा सहकारी संघ निघाला, जो पुढे अमूल नावाने देशभर गेला. त्या संघाने ताज्या म्हशीच्या दुधाचे बटर बाजारात आणले तेव्हा गिऱ्हाइकांना ते अळणी आणि फिके वाटले, कारण जीभ पॉलसनच्या खारट चवीला सरावली होती. मग त्यातही मीठ आणि रंग आला. आजही टेबल बटरमध्ये 3 टक्क्यांपर्यंत मीठ चालते. मिठाने चव येते आणि बटर जास्त दिवस टिकते.

तेव्हा पहिल्यांदा पांढरे लोणी खाणाऱ्या मुलाला ते बेचव लागले तर रागावू नका. चिमूटभर बारीक मीठ त्यात फेटून द्या. चार दिवसांनी मीठ कमी करा. विरजणामुळे येणारा हलका आंबूस सुगंध त्याच्या हळूहळू लक्षात येईल. तो सुगंध मिठाच्या जोरावर आणता येत नाही.

पावावर पसरायचे कसे

आता मुख्य अडचण. लोण्याच्या तीन अवस्था लक्षात ठेवल्या की पुष्कळ काम होते. फ्रीजमध्ये 4-5 अंशांवर ते वीट असते. 18 ते 20 अंशांच्या आसपास ते बोटाला दबते आणि सुरीखाली पसरते. 30 अंशांच्या पुढे ते पाझरू लागते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. इथे जानेवारीच्या पहाटे हवा 14-15 अंशांपर्यंत उतरते आणि एप्रिलच्या दुपारी 38 अंशांवर चढते. म्हणजे हिवाळा आणि उन्हाळा यांना एकच युक्ती चालणार नाही.

हिवाळ्यात दुसऱ्या दिवशी लागेल तेवढेच लोणी रात्री फ्रीजमधून काढून झाकणाच्या वाटीत ओट्यावर, चुलीच्या किंवा शेगडीच्या बाजूला ठेवा. थंडीच्या रात्रीत धुतलेले लोणी खराब होत नाही. सगळा गोळा मात्र बाहेर ठेवू नका. वारंवार गरम-गार झालेले लोणी लवकर उतरते.

रात्री काढायचे राहिले तर स्टीलची वाटी उकळत्या पाण्याने भरा, मिनिटभराने पाणी ओतून वाटी पुसा आणि बशीतल्या लोण्यावर उपडी घाला. तीन-चार मिनिटांत वरचा थर मऊ होतो. याहून घाई असेल तर किसणी घ्या. गार लोणी किसून त्याचे तंतू पावावर पसरले की दोन मिनिटांत ते आपोआप बसतात. चमचा गरम पाण्यात बुडवून त्याच्या पाठीने पसरले तरी काम होते.

लोणी गरम तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळवू नका. लोणी म्हणजे नुसती चरबी नाही, तिच्यात पाण्याचे बारीक थेंब अडकलेले असतात. एकदा पूर्ण वितळले की पाणी वेगळे होते आणि पुन्हा गार केल्यावर ते रवाळ, चिकट होते. पहिल्यासारखे लोणी पुन्हा होत नाही. चुकून वितळलेच तर सरळ कढवून तूप करा.

सगळ्यात उत्तम उपाय फेटण्याचा आहे. मुंबईच्या इराणी हॉटेलात बनमस्का खाल्लेल्यांना तिथला मस्का किती अलगद लागतो हे माहीत आहे. घरी पाव किलो लोणी साध्या हवेला मऊ होऊ द्या. त्यात दोन चमचे गार दूध आणि हवे तर चिमूटभर मीठ घाला. लाकडी डावाने किंवा छोट्या रवीने पाच-सात मिनिटे फेटा. फेटताना चरबीची घट्ट जाळी मोडते आणि हवा आत शिरते. लोणी फुलते, अधिक शुभ्र दिसते आणि फ्रीजमधून काढल्यावरही लवकर नरम होते. दूध घातल्यामुळे ते तीन दिवसांत संपवावे. काही घरांत पाव किलो लोण्यात अर्धी वाटी सूर्यफुलाचे तेल घालून फेटतात. तसे मिश्रण फ्रीजमधून काढताच पसरते. घरात खायला हरकत नाही, पण ते मग शुद्ध लोणी उरत नाही. त्या नावाने कुणाला विकू किंवा भेट देऊ नये.

पावाचाही विचार करा. लादीपाव मऊ असतो आणि कडक लोण्याने फाटतो. त्याला आधी तव्यावर कापलेल्या बाजूने शेका, म्हणजे पृष्ठभाग घट्ट होतो आणि गरमही. कडक पाव, म्हणजे मुंबईचा ब्रून, यासाठी सर्वांत चांगला. अख्ख्या ब्रेडचे स्लाइस घरी कापत असाल तर आधी ब्रेडच्या कापलेल्या तोंडाला लोणी लावा आणि मग स्लाइस कापा. मागे आधार असल्याने पाव फाटत नाही.

गरम पदार्थांना यातले काहीच लागत नाही. भाकरी, थालीपीठ, मुगाची खिचडी यांवर गोळा ठेवा आणि थांबा. कोल्हापुरात गाड्यांवर मिळणारा लोणी डोसा हेच करतो. हा डोसा मूळचा कर्नाटकातल्या दावणगेरेचा. पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत दावणगेरेला जातो, आणि त्याच वाटेने तो इकडे आला असावा. गाडीवाला लोण्याचा गोळा डोशावर सोडतो. बाकीचे काम तवा करतो.

उन्हाळ्यात अडचण उलटी असते. तेव्हा लोण्याचा गोळा गार पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत कामाला येते. मातीच्या बोळक्यात पाणी, त्यात गोळा, वर ओले फडके आणि बोळके माठाच्या शेजारी. पाणी रोज बदला. पाण्यामुळे गोळ्याला हवा लागत नाही आणि गारवाही राहतो. दुपारच्या उन्हात मात्र ते फ्रीजमध्येच बरे. चार-पाच दिवसांत संपणार नसेल तर विड्याचे पान टाकून तूप कढवा. तळाची बेरी साखर घालून मुलांना द्या. तिच्यासाठी भांडणे होणार हे धरून चाला.

सहेरीची तयारी

पहाटेच्या अंधारात, झोपेतल्या मुलांना उठवून, घड्याळाकडे पाहत खायचे असते तेव्हा पाव आणि मस्का उपयोगी पडतो. गेली काही वर्षे रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर येत होता, त्यामुळे लोणी आपोआप मऊ मिळत असे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आता तो थंडीत शिरतो आहे. 2030 साली तर तो जानेवारीच्या सुरुवातीला येईल आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीला पुन्हा सुरू होईल. त्या पहाटे लोणी नक्कीच दगड असणार. तरावीहवरून आल्यावर लोण्याची वाटी फ्रीजबाहेर काढायची, एवढे काम घरातल्या एखाद्या मुलाकडे सोपवावे.

विकत घेताना

घरगुती लोणी घेताना आधी वास घ्या. ताकाचा ताजा, हलका आंबूस वास हवा. खवट किंवा तेलकट वास नको. बोटाने दाबल्यावर पाणी गळत असेल तर लोणी नीट दाबलेले नाही आणि वजनात तुम्ही पाणी घेता आहात. बटाटा किंवा पिठासारखा स्टार्च मिसळल्याचा संशय आला तर अर्धा चमचा लोणी काचेच्या वाटीत घ्या आणि त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर भेसळ आहे. चमचाभर कढवून पाहिले तरी पुष्कळ कळते. चांगल्या लोण्याला कढताना ताकाचा वास येतो, तळाशी बेरी बसते आणि वर स्वच्छ तूप राहते.

त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे ओळखीच्या घरातून घेणे. आपल्या प्रत्येकाच्या नात्यात, मोहल्ल्यात किंवा शाळेत खेड्यातले एखादे घर असतेच. आठवड्याला पाव किलो ठरवून घ्या. पैसे लोणी करणाऱ्या बाईच्या हातात द्या आणि भाव तेराच्या गणिताने लावा. दर आठवड्याचे गिऱ्हाईक पक्के असेल तर ती दोन लिटर दूध घरात ठेवायला धजेल, आणि दूध घरात राहिले की त्यातले थोडे तिच्या मुलांच्या ताटातही पडेल.

मागच्या बाकावरच्या त्या मुलीने घरी जाऊन गणित सांगितले. तिच्या अम्मीने लोण्याचा भाव वाढवला. दोन गिऱ्हाइके तुटली, तीन नवी मिळाली, त्यातले एक घर आमचे. परवा ती मुलगी डबा उघडून मैत्रिणींना दाखवत होती. चपातीच्या घडीत पांढरे लोणी होते आणि वर साखर भुरभुरलेली.